रिकामे चौक काढणारे भाऊ

"मफी माणूस!" चित्रावर बोट आपटत भाऊ म्हणत. मफी म्हणजे नाही. "एवढा मोठा चौक, एवढ्या कमानी, अन् माणूस मफी. काहून बरं?"

जेवणाच्या सुट्टीत एकच पुस्तक पुन्हापुन्हा उघडणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे भाऊ तसे. अमरावतीकडचे, इकडे आखातात मआमीरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. मी रत्नागिरीचा, तिथेच स्टोअरमध्ये क्लार्क. झिंज नावाच्या वस्तीत आमची खोली एकच. पुस्तक त्यांना एका इटालियन इंजिनियरने जाताना दिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या इटलीतली चित्रं: ओसाड चौक, लांबलचक सावल्या, कारखान्यांची धुराडी.

मग कारखान्यात एक मचाण कोसळलं. एका फिटरचा पाय गेला. ड्रॉइंगवर सही भाऊंची. केस उभी राहिली आणि ती संपेपर्यंत त्यांना देश सोडायला बंदी झाली.

"दोन महिन्यांत खलास," वकील म्हणाला. दोन वर्षं गेली.

दर शुक्रवारी भर उन्हात भाऊ वही घेऊन बाहेर पडत आणि झिंजच्या गल्ल्या काढत. चित्रातल्यासारख्याच, रिकाम्या.

"भाऊ, समोरून भाजीवाला गेला. त्याला का नाही घेतलं?"

"तो घरी जाईन रे. मले इथंच राहनारी वस्तू पाहिजे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांची आई गेली, तेव्हा सगळं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. तिकडे फोन बहिणीच्या हातात होता. "फोन जरा खाली धर, माय दिसू दे," एवढंच बोलले. मग तिकडच्यांबरोबर त्रिशरण म्हणू लागले. मला येत नव्हतं. मी शेजारी बसून राहिलो. संध्याकाळी त्यांनी वही उघडली आणि रिकाम्या गल्लीत एक बाई काढली. पाठमोरी, नखाएवढी.

अखेर कोर्टात ठरलं, ड्रॉइंग बरोबर होतं. बोल्टच हलके वापरले होते. बंदी उठली. भाऊंना एकटं सोडवेना, म्हणून मीही त्याच विमानाने लीव्हवर निघालो.

विमानतळावर माझ्या पासपोर्टवर शिक्का पडला आणि मी पुढे सरकलो. मागे वळून पाहतो, तर भाऊ काउंटरपाशीच. शिक्का मारलेला पासपोर्ट समोर पडलेला. अधिकारी "यल्ला, यल्ला" करत होता, रांग खोळंबली होती.

"भाऊ, झालं! या!" मी ओरडलो.

त्यांनी पासपोर्ट उचलला, दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्या अधिकाऱ्यालाच हळू आवाजात विचारलं, "साब, सच में जाऊँ?"