रामकलीबाईची जलकुंभी

"काऊन वं बाई, माह्या शिंगाड्याच्या वेलावर हे कायले टाकून राहिली?"

"देवाले वाह्यलेलं हाय ते. उकिरड्यावर टाकू का?"

घाटावर धुणं धुताना हे भांडण माझ्या कानावर पडलं. साल १९९९. विचारणारी देवकाबाई ढिवरीण. आमच्या बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, ती शिंगाडा लावायची, उकडून आमगावच्या बाजारात विकायची. घर त्यावरच चालायचं. उत्तर देणारी माझी शेजारीण रामकलीबाई.

तिच्या मालकांनी, खेमराजजींनी, नागपूरहून शोभेचं म्हणून जलकुंभीचं, म्हणजे जलपर्णीचं, एक रोप आणलं होतं. रेल्वेत मांडीवर घेऊन, नातवासारखं. त्याच्यासाठी अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं. फूल जांभळं, पाकळीवर मोरपिसाचा डोळा. रामकलीबाईला त्यात किसनदेव दिसला. रोज फूल देव्हाऱ्यात जाऊ लागलं आणि टाकं महिनाभरात गच्च झालं. पण देवाला फूल दिलेल्या झाडावर कोणाचा पाय कसा पडू द्यायचा? म्हणून दर सोमवारी टोपलीभर रोपं ती बोडीत शिरवायची, गणपती शिरवतो तशी, हात जोडून.

बाई मनानं वाईट नव्हती. देवकाच्या पोरीच्या लग्नात लुगडं नेसवलं तिनं. शिंगाड्याचा वेल गुदमरायला लागला तेव्हा तिलाच जास्त वाईट वाटलं. नवस बोलली, "देवकाच्या वेलाले फळ लागू दे, सव्वाशे फुलं वाहीन." आठ-दहा शिंगाडे लागले. नवस फिटला. सव्वाशे फुलं, रोपांसकट, बोडीत.

२००८ पर्यंत पाणी दिसेनासं झालं. गावातल्या हेमेंद्रची म्हैस कुरण समजून आत चालत गेली. मग गावानं श्रमदान केलं. खेमराजजींनी नारळ फोडला, जलकुंभीच्या विरोधात अर्धा तास बोलले. गळ्यात हार जलकुंभीचाच, बायकोनं ओवलेला. टाक्याचं नाव कोणी काढलं नाही. अर्धी बोडी मोकळी झाली, तिथं देवकानं पुन्हा वेल लावला.

पुढच्या सोमवारी रामकलीबाई टोपली घेऊन आली. अंगात ताप होता. सून म्हणाली होती, आज राहू द्या, ऐकलं नाही. देवका पायरीवर काठी घेऊन बसलेली.

रामकलीबाईनं रोपं सोडली, हात जोडले.

"झालं का वं बाई?"

"झालं."

"तुह्या देवाले पोचलं?"

"पोचलं."

"मंग आता मी काढतो."

देवकानं काठीनं एकेक रोप ओढून उन्हात पसरलं. रामकलीबाईनं तिकडं पाठ केली, रिकामी टोपली धुतली आणि घरी गेली. बुधवारी ती वारली. टोपली खुंटीला होती, सोमवारसाठी कोरडी.