रिकाम्या खुर्चीला विचारलेला प्रश्न

समुपदेशनाच्या एम.ए.ला दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप असते. मला रत्नागिरीतला एक दवाखाना मिळाला. ओपीडीच्या मागे जुन्या फाइलींची खोली होती, ती माझ्यासाठी रिकामी करून दिली. एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजून कायमची मिटलेली खिडकी. समोरच्याची लेखी परवानगी घेऊन बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, घरी शब्दन्‌शब्द लिहून काढायचं आणि शनिवारी सुपरव्हायझर मॅडमना दाखवायचं, असा नियम होता.

माझ्याकडे आलेल्या पहिल्या बाई मासे विकायच्या. पन्नाशीच्या. मी त्यांना काकू म्हणायचे. नवरा खलाशी. दीड वर्षापूर्वी बोट बुडाली, बाकीचे वाचले, तो सापडलाच नाही. सासरचे म्हणत होते, दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकून घे. काकू तयार नव्हत्या. झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं.

"माणूसच नाय समोर, तर अग्नी द्यायचा कोणाला?" एवढंच त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या.

बोलता बोलता त्या खिडकीखालच्या तिसऱ्या खुर्चीकडे बघायच्या. माझ्या ध्यानात आलं, यांना नवरा तिथे बसलेला वाटतोय. अशा वेळी वाद घालायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही, हे शिकले होते. मी वहीत तशी नोंद केली. पण त्या खुर्चीवर पर्स ठेवणं मी कधी थांबवलं ते मला आठवत नाही. सफाईवाल्या मावशींनी एकदा ती बाहेर नेली, तर काकू यायच्या आत मी धावत जाऊन परत आणली.

सहाव्या भेटीचं लिखाण वाचताना मॅडम थांबल्या.

"इथे तू विचारलंयस, तुम्हाला काय वाटतं? आणि पुढे लगेच, बरं, ठीक आहे. मधलं उत्तर कुठाय?"

"काकूंनी मान हलवली असेल."

"ऐकव मला."

मी रेकॉर्डिंग लावलं. काकू दिरांबद्दल सांगत होत्या. मग माझा आवाज आला, "आणि तुम्हाला काय वाटतं?" त्यानंतर शांतता. बरीच लांब. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा मी, "बरं. ठीक आहे."

"हा प्रश्न तू काकूंना विचारलास?" मॅडमनी विचारलं.

हो म्हणणार होते. पण मला स्पष्ट आठवलं, विचारताना मी मान खिडकीकडे वळवली होती. आणि मला उत्तर मिळालं होतं. काय, ते आठवत नव्हतं.

"तुझ्या घरात अलीकडे कोणी गेलंय का?"

"नाही." खरंच नव्हतं. आई-बाबा गावी, अलोऱ्याला, दोघं धडधाकट.

"मग काकूंना सगळं खरं सांग," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या भेटीला मीही येते."

मी सांगितलं तेव्हा काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला वाटलं, तुमचं कोणतरी हाय तिथं," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशी मी पिशवी ठेवायला गेले, तर तुम्हीच म्हणालात, तिथे नको. म्हणून मी बघायला लागले."

मॅडमनी माझ्या दंडावर हात ठेवला. घरी येऊन मी पहिलं रेकॉर्डिंग काढलं. सुरुवातीलाच पिशवीची सळसळ आणि माझा आवाज, मी एरवी बोलते त्यापेक्षा हळू, "तिथे नको." मी लिहून काढलेल्या कागदात ती ओळ नव्हती.

पुढच्या भेटी मॅडमनी घेतल्या, मी बाजूला बसून ऐकायचे. एकदा काकू आपण होऊन म्हणाल्या, "मी सहा वेळा बघितलं त्या खुर्चीकडे. मनात म्हटलं, ह्या बायचं माणूस येतंय, तर आमचे हे पण येतील. एकदापण आले नाय. तेव्हा कळलं मला, ते गेले." त्या पदराने डोळे पुसत बराच वेळ रडल्या. दीड वर्षात पहिल्यांदाच, असं त्याच म्हणाल्या. गणपतीच्या आधी त्यांनी विधी करून घेतला. हळूहळू झोप लागू लागली.

मॅडमनी मला स्वतःसाठी एका समुपदेशकांकडे पाठवलं. आठ महिने गेले. माझ्याबद्दलच्या पुष्कळ गोष्टी उलगडल्या, ती ओळ नाही.

शेवटच्या भेटीला काकू निघताना दाराशी थांबल्या. मॅडम फोनवर होत्या. काकूंनी आवाज खाली आणला.

"बाय, तुमचं कोण होतं ते कळलं काय?"

"नाही, काकू."

"मग इतक्यात विचारू नका. कळलं की माणूस जातं," त्या म्हणाल्या, आणि स्टँडकडे चालू लागल्या.