हातावरचं मीठ

माझी बायको मला दुकानदारी शिकवायला घरच्या ओटीवर सोंगं आणायची. हे मी आपल्या तोंडाने कधी कुणाला सांगितलं नाही. शेजाऱ्यांना ठाऊक होतं, पण त्यातले बरेचसे गेले. गेल्या शिमग्यानंतर तीही गेली. मला अक्षर जेमतेम येतं, तेव्हा वेडंवाकडं लिहिलंय ते तसंच वाचावं.

आम्ही कोपरीच्या खाडीकाठचे, मिठागरातले. बापाने मीठ ओढलं, मीही ओढलं. पिकवायचं पुरुषांनी आणि विकायचं बायकांनी, अशी आमची रीत. बायको डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरायची, मीठ द्यायची आणि बदल्यात भात आणायची. मग आमचं लहान आगर बंद पडलं आणि त्याच सालात ती बांधावरून घसरली. गुडघा कायमचा अधू झाला, पाटी उचलेना. आता दोनच वाटा उरल्या. मोठ्या आगरातून मीठ उचलून मी कल्याणच्या बाजारात विकायला बसायचं, नाहीतर मेव्हण्याच्या घरी जाऊन त्याच्या भातावर जगायचं. मेव्हणा वाईट नव्हता. हसून वाढायचा. तेच मला नको होतं.

पण विकणं मला जमेना. माझं तोंड कडू. पहिल्याच बाजारात एका बाईने विचारलं, मीठ चांगलं आहे का. मी म्हटलं, मिठासारखं मीठ आहे, घ्यायचं तर घे. ती गेली आणि तिचं बघून मागच्याही गेल्या. भरल्या पाट्या मचव्यात घालून मी खाडीने परत आणल्या. बायकोने पाट्यांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने एका पाटीत भाताचा तूस भरून ओटीवर ठेवला. मीठ वाया घालवायची ऐपत नव्हती. मला म्हणाली, बसा पाटीमागं.

तिचा बाप शिमग्याला सोंगं काढायचा. बायकांनी सोंग घ्यायची रीत नव्हती, ही नुसती बघून शिकलेली. गुडघा धरत अंगणातून चालत आली आणि येता येता दुसरीच कुणी झाली. अंगावर सावली पडू नये म्हणून लांब उभी राहणारी भटीणबाई झाली. मग मापावर आणखी मूठभर ओढून घेणारी पाटलीण. मग पुन्हापुन्हा चाखणारी आणि न घेताच जाणारी कुणीतरी. एरवी मला 'आवो' म्हणणारी बायको सोंगात 'ए मीठवाल्या' म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून आत गेलो. बाहेरून तिचा आवाज आला, "गिऱ्हाईक दारात आन् दुकानदार चुलीपाशी. बरा चाललाय धंदा."

मी परत येऊन बसलो. मेव्हण्याचं हसणं आठवलं म्हणून बसलो.

रोज हेच. ती विचारायची, कसं आहे रे तुझं मीठ? मी म्हणायचं, तोंडाने सांगून का मीठ खारट होतं, बाय? चाखून बघ. हे वाक्य तिनेच शिकवलेलं. ते गोड आवाजात निघेपर्यंत तिने माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की कुडापलीकडची पोरंही म्हणायला लागली. तिला पाटीपर्यंत वाकता यायचं नाही, म्हणून ती बसल्या जागेवरून हात पुढे करायची आणि मी तिच्या तळहातावर चिमूटभर तूस ठेवायचो. ती जिभेला लावून थुंकायची, कच्चं आहे म्हणायची. कुडाशी माणसं जमायची. माझा थोरला भाऊ तिथूनच म्हणाला, "आमचा शिमगा वर्षातून एकदा, याच्या घरात रोज." मी मान खाली घालून तूस मापत राहिलो.

पुढच्या बाजाराला ती हट्टाने मचव्यात बसून आली. मधे बोलणार नाही म्हणाली आणि माझ्यामागे गोणपाटावर बसली. सुरुवात बरी झाली. थोडं मीठ गेलंही. मग एक बाई आली, बरोबर लग्न ठरलेली लेक. बाईने विचारलं, कसं आहे रे मीठ? अगदी तसंच, ओटीवरच्यासारखं. माझं वाक्य गोड निघालं. पोरीने हात पुढे केला आणि मी तिच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं.

मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नाही. खाली ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं. हातावर दिलं की दोघांत भांडण होतं. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, आणि माझा तर जन्म मिठात गेलेला. पण हाताला सवय तुसाची लागली होती. तुसाला कसली आलीय रीत.

बाई ओरडली, लग्न ठरल्यालीच्या हातावर भांडण ठेवलंस. आजूबाजूचे जमले. कुणीतरी म्हणालं, आणि हा म्हणे मिठागरातला. पोरगी रडायला आली, हात तसाच पुढे धरून. एवढं शिकवलेलं, त्यात यावरचं काही नव्हतं.

मागून ती उठली. लंगडत पुढे आली, पोरीपुढे आपला तळहात धरला आणि म्हणाली, "ओत इकडं, बाय. भांडण माझ्या हातावर आलं. आता ते नवऱ्याशीच होऊ दे."

आणि माझ्याकडे वळली. भर बाजारात मला अरे-तुरे करून तिने जे झोडपायला सुरुवात केली, ते ऐकायला कापडवाले दुकानं सोडून आले. माझं खाणं काढलं, घोरणं काढलं, माझ्या बापाची चाल करून दाखवली. माणसं पोट धरून हसत होती. रडणारी पोरगीही हसली. शेवटी ती म्हणाली, "मी उन्हातान्हात गावं तुडवली, तवा एकदा तरी विचारलंस का, बाय, पाटी जड आहे का?"

लोक त्यालाही हसले.

पोरीच्या आईने, निघालं बाई भांडण, म्हणत पहिली पायली घेतली. पाट्या रिकाम्या झाल्या. मचव्यातून परत येताना मी तिच्याशी बोललो नाही. लोकांसमोर तू म्हणाली याची लाज वाटत होती असं मी स्वतःला सांगत होतो. ते शेवटचं वाक्य सोंगातलं होतं की तिचं, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

मेव्हण्याकडे जावं लागलं नाही. लोक पुढच्या बाजाराला विचारायला लागले, आज भांडण नाही का? मग कितीतरी वर्षं आम्ही ते करत राहिलो. त्यावरच कल्याणात दुकान झालं. दर वेळी ती काही नवं घालायची. पाटीचं वाक्य मात्र तिने परत कधी घेतलं नाही.

शेवटच्या दुखण्यात तिचं बोलणं बंद झालं होतं. एका दुपारी लेक, सुना, व्याही सगळे भोवती बसलेले. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला, तळवा वर करून. अगदी हळू म्हणाली, "कसं आहे रे तुझं मीठ?"

माझं वाक्य मला पाठ होतं. पण व्याही बसले होते. सुना बघत होत्या. मी तिचा हात उचलून गोधडीखाली ठेवला आणि म्हटलं, पड आता, भ्रमलीस.

ती भ्रमली नव्हती.