मस्कतचा साबण

पासपोर्ट नसताना मी माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला मस्कतला धाडलं होतं. खरी ती पुण्यात होती, मनोरुग्णांच्या इस्पितळात, पाच आठवडे. जिवाचं बरंवाईट करायला निघाली होती म्हणून. महाडच्या आमच्या गल्लीत मात्र मी सांगितलं, मामाकडे गेलीय. नातवंडं आज मला लबाड म्हणतात, पण तेव्हाच्या त्या बाईपुढे मी काहीच नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता बरी दिसेल. पण घरी गेल्यावरचे पहिले आठवडेच जपायचे. एकटी ठेवू नका. पंधरा दिवसांनी दाखवायला आणा."

मी नंदीबैलासारखी मान हलवली. डोक्यात चाललं होतं, मस्कतहून आणलं म्हणून वाटायचं काय? बाजारातून परदेशी साबण घेतले नि घरोघर दिले.

लेक बघत होती. म्हणाली, "आई, मी समुद्र पाहिला का?"

"पाहिलास."

"आणि उंट?"

"एकच. जास्त सांगू नकोस, फसशील."

ती हसली. झालं, मला वाटलं, पोर बरी झाली! शेजारणींना तिनं उंटाची गोष्ट इतकी रंगवून सांगितली की मलाच तो उंट दिसायला लागला. खरं बोलायला तिला कुणी उरलं नव्हतं, ते तेवढं दिसलं नाही.

पंधरावा दिवस आला. एसटी डेपोत कुणी विचारलं, आता कुठे, तर? म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. त्याच आठवड्यात पोलादपूरला भाचीचा साखरपुडा निघाला. लेकीचे वडील एमआयडीसीत, दिवसपाळीला. तिच्यापाशी बसायला कुणाला बोलवायचं, नि कारण काय सांगायचं?

"जा गो, मी आहे ना नीट," ती म्हणाली.

गेले. पंगतीत बसून मस्कतचं कौतुकही सांगितलं.

परतले तेव्हा दारात माणसं जमली होती. लेक गेली होती.

स्वतःची थट्टा मी पुष्कळ करते. त्या पंगतीत बसलेल्या बाईची काही करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "साबनाच्या खोक्यावर हितल्याच दुकानाची चिठ्ठी व्हती गो. समद्यांना कललं व्हतं. तुला लाज वाटंल म्हनून कुनी बोललं नाय. हाक मारली असतीस, तर मी बसले असते तिच्यापाशी. मला घरात दुसरं काम काय हाय?"