शेपटीवाली सही

पिशवी नसताना मला दिवस गेले होते. हसा, मीही हसते. तेव्हाची मी म्हणजे नुसती हौस.

एकतीस वर्षांची होते. पदरात नऊ वर्षांची एक मुलगी. अंगावरून इतकं जायचं की नायगावच्या आमच्या चाळीचा जिना चढताना मध्येच खाली बसायचे. इस्पितळात म्हणाले, गर्भपिशवीत गाठी आहेत, ऑपरेशन करू. केलं. पुढे तीन महिने पाळी नाही, तर ही शहाणी मजलाभर सांगत सुटली. शेजारणीनं कैरीचं लोणचं दिलं. डोहाळे लागल्यासारखं मिटक्या मारत खाल्लं. मुलीची जुनी कुंची धुऊन दोरीवर घातली. नवरा गिरणीतून आला, कुंची बघितली. जेवताना आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली.

मग तपासायला गेले. मोठे डॉक्टर, भोवती शिकाऊ पोरंपोरी.

"डॉक्टर, मला दिवस गेलेत."

त्यांनी कागद उलटले. "बाई, पिशवीच काढलीय तुमची."

पोरं हसली.

म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

त्यांनी कागद नाकासमोर धरला. "मग ही सही कोणाची? इंग्रजीत सही करता आणि वाचता येत नाही?" पोरांकडे वळून म्हणाले, "या लोकांना सांगून तरी काय समजतं!"

सही माझीच. शेवटच्या अक्षराला लांब शेपटी. बाप सांगायचा, आपल्या माणसानं अंगठा लावायचा नाही. मी मराठी सातवी पास. इंग्रजी सही बुद्धविहारात शिकवणाऱ्या ताईंकडून गिरवून घेतलेली. इंग्रजीतलं तेवढंच यायचं. ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं शाईचा पॅड पुढे केला, तो मी ऐटीत मागे सारला. पेन मागितलं. कागदात काय लिहिलंय ते विचारलं नाही. विचारलं तर अडाणी दिसेन ना!

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे." तो जाईपर्यंत त्या विषयावर एवढंच. कुंचीनं मी पुढे गरम पातेली उतरवली. फाटेपर्यंत.

आता सत्तरी आली. परवा नात, प्रज्ञा, मला घेऊन दादरला डॉक्टरकडे गेली. सत्तावीस वर्षांची, लग्न ठरलेलं. तिलाही गाठी. डॉक्टर तरुण, घाईतला. "गाठी काढू, रुटीन आहे. इथे सही करा." प्रज्ञानं पेन उचललं. माझ्या पोटात कळ आली. जिथे आता काहीच नाही, तिथे.

तिच्या हातातून पेन काढून घेतलं. "यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा."

"आजी, तुम्हाला नाही समजणार."

"मग परत सांगा. मला वेळ आहे. माझं काढायचं ते काढून झालंय."

तो हसला नाही. खुर्ची पुढे ओढली. कागदात होतं, गरज पडली तर पिशवी काढायची परवानगी. गरज म्हणजे काय? रक्त थांबेचना, जीवच धोक्यात आला, तर. म्हटलं, तसं लिहा. त्यानं लिहिलं. दुसरं काय करता येतं? तेही निघालं. गाठी लहान असतील, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. गोळ्यांनी रक्त जाणं कमी होतं. नुसत्या गाठी काढल्या तर पिशवी राहते, पण गाठी परत येऊ शकतात. गाठीला जाणारं रक्त बंद करायचाही उपाय आहे, पण मूल हवं असेल तर विचार करून. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

इतकं सगळं होतं. सांगायला अर्धा तासही लागला नाही.

प्रज्ञानं सही केली नाही. कागद घडी करून पर्समध्ये टाकला. जिन्यात मी एका पायरीवर बसले. डोळे पुसायला पदर घेतला, तर मुठीत डॉक्टरचं पेन तसंच. चोरी झाली की! तीही बाजूला बसली. म्हणाली,

"आज्जी, राहू दे तुझ्याकडेच. आणि मी मागितलं तरी देऊ नकोस. आधी विचार, वाचलंस का. मग विचार, समजलं का. आणि मी चिडले, तर अजिबात देऊ नकोस."