बुवांच्या गवळणीची खरी नक्कल

आठवणी लिहाव्यात असं माझ्याकडे मोठं काही नाही, हे आधीच सांगतो. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिला, पण तेवढ्यावर लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं नमन मंडळ रत्नागिरीकडच्या एका वाडीचं, पण माणसं बहुतेक भाईंदर पूर्वेला. कुणी तिथल्या इंद्रलोक वस्तीत वॉचमन, कुणी बाबांसारखी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारी. शिमग्याला सगळे गावी जात आणि नमनाचे खेळ करत. गवळण गायचे भावकीतले एक काका, त्यांना सगळे बुवा म्हणत. एका वर्षी मंडळाने त्यांची गाणी रेकॉर्ड करून घेतली. कॅसेटी वाजून वाजून झिजल्या, सीडी एकच राहिली.

मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि कुजबुजण्यापुरताच आवाज उरला. ते गावी जाऊन राहिले. पुढे त्यांचा पुतण्या गाणार होता, पण गवळण शिकणार कुठून? सीडीवरूनच. नक्कल करून पाठवायचं काम माझ्याकडे आलं.

सीडी लावली तर नेमकी गवळणच अडखळू लागली. चकचकीत बाजूवर हळदकुंकवाचे डाग होते. दसऱ्याला मृदंग-झांजांबरोबर बाबांनी तिचीही पूजा केली होती.

"निदान नावाच्या बाजूला तरी लावायचं," मी म्हणालो.

"ती पाठ ना रे. आरशासारखं आहे ते तोंड. कुंकू काय पाठीला लावतात?"

वर आईने ताट पुसावं तशी ती गोल गोल पुसली होती. त्याचे चरे पडले होते.

"कारखान्यात नेतो," बाबा म्हणाले. "पॉलिश मारून आणतो."

"बाबा, हात लावू नका तिला."

"दोन बुकं शिकला नि बापाला डाफरतोय," आई म्हणाली, पण जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा तिनेच काढून दिला.

केबिन रोडवरच्या सायबर कॅफेत मी साधी नक्कल केली. कुठे अडखळत नव्हती, म्हणून खूश होऊन गावी पाठवली. आठवड्याने पुतण्याचा फोन आला.

"काका नाही म्हणून मान हलवतायत. म्हणतायत, मधली गळ्याची हरकत सपाट झालीय. तिथं मी न्हाय."

कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, चरा आला की कॉम्प्युटरचा सीडी वाचणारा ड्राइव्ह आजूबाजूचं बघून अंदाजाने आवाज भरतो, आपल्याला ऐकून कळतही नाही. म्हणजे बुवांच्या आवाजात मी यंत्राचा अंदाज मिसळून पाठवला होता. आता अंदाज नको, हे मी ठरवलं.

सरांनी दुसरा प्रोग्राम दिला. तो प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि गाण्याच्या शेवटी एक आकडा देतो. दोन वेळच्या वाचनाचे आकडे जुळले, तर नकलेवर विश्वास ठेवायचा. मी सीडी साबणाच्या पाण्याने धुतली, मधून कडेकडे सरळ पुसली आणि दुपारी सायबर रिकामं असताना जाऊन बसलो. बाकी गाणी जुळली. गवळण जुळेना. वेग कमी केला, पुन्हा धुतली, तरी दरवेळी वेगळाच आकडा.

"अरे भाई, गाना बज रहा है ना?" मालक म्हणाला.

"बराबर नहीं है."

"कान है कि तराजू? कब से एक ही गाना घिस रहा है."

तरी मी रोज जात राहिलो. शेवटी मालकच वैतागून म्हणाला, "वो कोने वाला ले. पुराना है, तेरे जैसा जिद्दी है." त्या जुन्या मशीनचा ड्राइव्ह चऱ्याच्या जागी घरघरत थांबायचा, परत मागे जायचा. मी काही न करता बघत बसलो. आकडा आला. पुन्हा वाचायला लावलं. तोच आकडा आला.

नवी सीडी बाबांबरोबर गावी गेली. माझी परीक्षा होती, मी इथेच राहिलो. शिमगा सुरू झाला तरी गावाहून काहीच कळेना. पेपर लिहितानाही मनात आकडे जुळवत होतो, कदाचित दोन्ही वेळा सारखंच चुकलं असेल, असं वाटायचं.

शेवटी बाबांचा बूथवरून फोन आला. मागे मृदंग वाजत होता, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. पुतण्याने गवळण म्हटली होती. बुवा समोरच बसले होते, झांज घेऊन, आणि त्यांनी त्याला एकदाही थांबवलं नव्हतं.