म्हस कुठं हुबारनार?

धोंडुबाई चिडली की आधी पदर खोचते, मग एम-एटीला किक मारते, आणि कुणाशी भांडायचं ते वाटेत ठरवते. सत्तरी गाठलेली ही बाई नऊवारी नेसून गाडी चालवते आणि मागून तिची म्हैस, मैनी, धावत येते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या पेठेतल्या सगळ्याच म्हशी शिंगं रंगवून, कवड्यांच्या माळा घालून, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांमागे पळतात. मैनीचा मात्र रोजच पाडवा. संध्याकाळी ती तालमीजवळच्या पिंपळाखाली येऊन उभी राहते, धोंडुबाई गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढते आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देते. माझं शिलाईचं दुकान समोरच आहे, त्यामुळे पहिला पेला माझा.

मैनीची एकच खोड. त्या झाडाखाली उभी राहिली तरच पान्हा सोडते. मागे गटारासाठी रस्ता खणला, तेव्हा धोंडुबाईनं तिला कळंब्याला भाचीकडं नेलं. भाचीनं हौसेनं बादली घासूनपुसून ठेवली होती. मैनीनं बादलीला लाथ घातली आणि थेंबभर दूध दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी वरात परत आली.

अशात आमच्या पेठेवर मनोरा येणार असं ठरलं. वर फिरतं हॉटेल, चारी बाजूंनी काच, लिफ्टनं चढा आणि अख्खं कोल्हापूर बघा. आता मला सांगा, कोल्हापूर बघायला वर कशाला जायचं? ते खालीच आहे. पण आमचं कोण ऐकतो! मनोरा बांधणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर विश्वजित यांनी तालमीत पेठेची बैठक बोलावली आणि नकाशा भिंतीवर लावला. तिकीटघर नेमकं पिंपळाखाली.

धोंडुबाई उठली. "सायेब, मग म्हस कुठं हुबारनार?"

लोक हसले. विश्वजित मात्र शांतपणे म्हणाले, "आजी, तुम्हाला आत एसी गाळा देऊ."

"मला गाळा नगं नि येसी नगं. म्हस कुठं हुबारनार, तेवढं सांगा की!"

म्हैस उभी कुठं राहणार, ते काही नकाशात नव्हतं.

मग पेठेनं कृती समिती काढली. कोल्हापुरात दोन माणसं भेटली की चहा होतो, तिसरा आला की कृती समिती होते. आमच्या समितीत अध्यक्ष होण्यावरून इतकी हमरीतुमरी झाली की मनोरा बाजूलाच राहिला. अखेर आकाराम पैलवान अध्यक्ष झाले आणि कोनशिला बसवायच्या दिवशी रस्त्यावर आडवं पडायचं असं ठरलं.

तो दिवस उजाडला. कंपनीनं शेजारच्या मंडपात मटणाचं जेवण ठेवलं होतं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासकट. दुपारपासून फोडणीचा वास सुटला आणि समिती एकेक करून पातळ होत गेली. "जेवणाशी वैर न्हाय आपलं," असं म्हणत आकाराम सगळ्यांत शेवटी उठले. माझी दाढ सुजली होती, नाहीतर माझाही काही भरवसा नव्हता.

उरली एकटी धोंडुबाई. झाडाखाली लाल गालिचा पसरलेला, आणि ती कडेला पायरीवर. मी जवळ गेलो, तर तिच्या डोळ्यांत पाणी. "मैनी आटंल, बाबा," एवढंच म्हणाली. मला भयंकर राग आला, आणि करता काहीच येईना.

कोनशिला बसवायला येणारे साहेब मूळचे इथल्याच गल्लीतले, आता मुंबईत मोठ्या हुद्द्यावर. त्यांचं स्वागत दणक्यात व्हावं म्हणून कंपनीनं तालमीच्या पोरांना मोटारसायकल रॅली काढायला सांगितली. पोरांनी हौसेनं सायलेन्सर काढले! तो कडकडाट पेठेत घुमला मात्र, गोठ्यागोठ्यांतून म्हशींनी दावी तोडली. त्यांना वाटलं पाडवा आला. पुढं मोटारसायकली, मधे साहेबांची गाडी आणि मागं धूळ उडवत अख्ख्या पेठेच्या म्हशी, अशी मिरवणूक मंडपात शिरली. सनईवाला स्टेजखाली गेला. विश्वजित खुर्चीवर चढले. बाकीच्या म्हशी रश्श्याच्या पातेल्यांकडे वळल्या, आणि समिती हातात हाडं घेऊन पळाली.

मैनी मात्र सरळ गालिच्यावर आली, आपल्या जागेवर थांबली आणि तिनं पान्हा सोडला. दूध टपटप गालिच्यावर पडायला लागलं. ते वाया जाताना बघणं धोंडुबाईला कसं जमावं? तिनं डोळे पुसले, पदर खोचला, बैठक मारली आणि धार काढली. पहिला पेला साहेबांपुढं धरला. "घ्या पावणं. भांडान मागनं करू."

साहेबांनी गळ्यातला हार काढला आणि उभ्यानंच पेला रिकामा केला. मिशीला फेस तसाच. मग त्यांनी विश्वजितना विचारलं, "तिकीटघर कुठं येणार म्हणालात?"

"इथंच, सर."

"आन मग म्हस कुठं हुबारनार?"

या वेळी कुणी हसलं नाही.

मनोरा आता शहराबाहेर कुठंतरी बघतायत म्हणे. आकारामांनी सत्कार स्वतःचा करून घेतला. कोनशिला मात्र न्यायला कोणी आलं नाही, ती पिंपळाखालीच पडून आहे. धोंडुबाई रोज तिच्यावर बसून धार काढते. बसण्याआधी तेवढं एक पोतं अंथरते, मोठ्या माणसांच्या नावांवर बसू नये म्हणून.